जंबो

वाण्याच्या दुकानात परवा दुपारी ‘जंबो पॅक’ असे छापलेली वेफर्सची पिशवी हातात घेतली, तर तिच्यात वेफर्सपेक्षा हवाच अधिक निघाली. शाळेत असताना याच नावाचा एक खोडरबर मिळत असे. गुलाबी, तळहातभर लांब, खोडण्यापेक्षा कागद काळा करण्यात पटाईत. पण तो ज्याच्या कंपासपेटीत असे, त्याची वर्गात पत असे. त्यावर हत्तीचे चित्र होते. मोठेपणा दाखवायचा म्हणून हत्ती काढला असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. वास्तविक आधी हत्ती आणि मागाहून मोठेपणा, असा तो क्रम आहे.

आफ्रिकेत पकडलेला हा जंबो नावाचा हत्ती १८६५ साली पॅरिसहून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आला, तेव्हा आजारी आणि अंगाने लहानखुरा होता. मॅथ्यू स्कॉट नावाच्या रखवालदाराने त्याची जिवापाड सेवा केली आणि तो वाढतच गेला. पुढे पाठीवर पोरांना घेऊन तो बागेत फिरू लागला. १८८२ साली त्याला अमेरिकेतील सर्कसवाले बार्नम यांना विकले, तेव्हा मुलांनी थेट राणीला पत्रे लिहिली. हत्तीच्या आधीही इंग्रजी बोलीत अगडबंब, बेंगरूळ माणसाला जंबो म्हणत. पण ‘प्रचंड’ हा अर्थ घरोघरी पोहोचला तो बार्नमच्या जाहिरातींमुळे. स्वाहिलीतील ‘जुंबे’, म्हणजे मुखिया, या शब्दाशीही काही जण त्याचे नाते जोडतात. मला ते ओढूनताणून आणलेले वाटते.

१५ सप्टेंबर १८८५ रोजी कॅनडात सेंट थॉमस येथे मालगाडीची धडक बसून जंबो गेला. मुंबईत पश्चिम रेल्वे रविवारी गाड्या अडवून धरते, त्याला जंबो ब्लॉक म्हणतात. हा त्या हत्तीने उगवलेला सूड असावा, अशी मला दाट शंका आहे.

त्याचे पेंढा भरलेले कातडे अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात होते, ते १९७५ च्या आगीत जळाले. त्यातली चिमूटभर राख शेंगदाण्याच्या लोण्याच्या रिकाम्या बरणीत जपून ठेवली गेली आणि तिथले खेळाडू सामन्याआधी शकुन म्हणून त्या बरणीवरून हात फिरवू लागले. आमच्या घरात अजून अंगारा लावल्याशिवाय कोणी परीक्षेला जात नाही, तेव्हा हसण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.