दोन पाळ्यांचं नागपूर: मे महिन्यात मुलांसोबत शनिवार-रविवार

नागपुरात मे महिन्यात दिवसाच्या दोनच पाळ्या असतात. पहिली उजाडल्यापासून दहापर्यंत, दुसरी संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळात पारा ४५च्या आसपास. बाहेरगावचे पाहुणे निवांत न्याहारी करून साडेदहाला मुलांना घेऊन निघतात, आणि बाराच्या आत मुलं मलूल होऊन सुट्टीचा विचका होतो. म्हणून आम्ही ही फेरी घड्याळ बघून आखली. शनिवार-रविवारच धरला, कारण सोमवारी गोरेवाड्याचं प्राणिउद्यान, अजब बंगला म्हणजे शहराचं जुनं वस्तुसंग्रहालय, आणि नॅरोगेज संग्रहालय तिन्ही बंद.

शनिवारची सुरुवात गोरेवाड्याला. इथली भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ला सुरू झाली. तिकीट ऑनलाइन आधीच काढावं आणि सकाळची पहिलीच फेरी धरावी. वातानुकूलित बस मिळाली तर माणसांचं दुपारीही भागतं, पण जनावरांचं नाही. उन्हं चढली की बिबटे आणि अस्वलं सावली शोधतात, वाघ पाण्यात जाऊन बसतो, आणि मुलांना खिडकीतून नुसतं वाळलेलं गवत दिसतं.

दुपारी गांधीसागर तलावासमोरचं रमण विज्ञान केंद्र. आत शिरल्या शिरल्या आधी तारांगणाच्या खेळाची वेळ आणि भाषा विचारून तिकीट घ्यायचं, मग दालनं बघायची. उलटं केलं की हमखास मराठी खेळ हुकतो. आवारातली लोखंडी खेळणी या वेळी हात लावण्याजोगी नसतात, ती सोडूनच द्या. त्यापुढचा वेळ मेट्रोत घालवावा, हे आम्ही मनापासून सांगतो. सीताबर्डीला नारिंगी मार्गिका पकडून खापरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटर लांबीचा दुमजली पूल आहे: खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, सगळ्यात वर आपली गाडी. मुलांना पहिल्या डब्यात बसवा. गारेगार आणि स्वस्त असा याहून चांगला दुपारचा उद्योग शहरात दुसरा नाही.

संध्याकाळी कडबी चौकाजवळचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. एकमेकांपासून अवघ्या ७६२ मिलिमीटरवर असलेल्या रुळांवर धावणारी ती जुनी इंजिनं लहान मुलांच्या उंचीला अगदी शोभतात, आणि बसायला छोटी गाडीही आहे. अंधार पडल्यावर फुटाळा तलावाच्या काठी वाऱ्याला बसायचं.

आता पाण्याचं. नुसतं पाणी पुरत नाही, घामातून मीठही जातं. मीठ-साखरेचं पाणी घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं वाढवू नका, लहान मुलांना ते बाधतं. पन्हं न्यायचं असेल तर उकडलेल्या कैरीचा गर गूळ घालून घट्टच बाटलीत भरा आणि पाणी ऐनवेळी मिसळा. कालवून नेलेलं पन्हं या उन्हात लवकर आंबतं. डोक्याला नुसती टोपी घालून भागत नाही, कान झाकले पाहिजेत. नागपूरकर दुपट्टा डोक्यावरून आणि कानांवरून आवळून बांधतात तो याचसाठी.

मुक्कामाच्या खोलीत कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा. बाहेरून आलेल्यांना हे उलटं वाटतं, पण बंद खोलीत ओल साचते आणि गारवा मरतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की हवा दमट होते, मग हाच कूलर काही कामाचा राहत नाही. विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात म्हणून कोणी जूनच्या मध्याला बेत करत असेल, तर खोली एसीचीच घ्यावी.

रविवार रामटेकचा. पन्नासेक किलोमीटर, जबलपूर रस्त्यानं मनसरला वळायचं. साडेपाचला नागपूर सोडलं तर सातच्या आत गडावर. मंदिरात चपला काढाव्या लागतात आणि नऊनंतर दगडी फरशी तापायला लागते. मुलांच्या खिशात जाड सुती मोजे असू द्या. खाऊची पिशवी मात्र गाडीतच ठेवा, माकडं हातातून ओढून घेतात. मग कालिदास स्मारक, आणि गड उतरून खिंडसी तलाव, तिथे ऊन सोसत असेल तरच नौका.

परतताना मुलं संत्री मागतील. संत्र्याला वर्षात दोन बहार, म्हणजे फुलोरे, येतात; आंबिया बहाराची फळं हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृग बहाराची मार्चच्या आसपास, त्यामुळे मेमध्ये चांगलं संत्रं क्वचितच दिसतं. त्याऐवजी रस्त्याकडेचं टरबूज घ्या, पण अख्खं. कापून ठेवलेल्या फोडी मुलांना देऊ नका. आणि गाडी उन्हात उभी होती का, ते बघा. सीटबेल्टचं लोखंडी कडं मुलाच्या उघड्या मांडीला लागलं तर चटका बसतो, म्हणून मुलाला बसवण्याआधी कड्यावर ओला रुमाल टाकायचा.