मी कोण म्हणून येऊ?

साताऱ्यात परिवीक्षा अधिकारी म्हणून, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवून त्यांना मदत करायच्या कामावर, रुजू झाले आणि दुसऱ्याच महिन्यात प्रशिक्षणाला बोलावणं आलं. पहिला दिवस कायद्यातच गेला. 1958 चा अपराधी परिवीक्षा अधिनियम, कलम 4 चं बंधपत्र, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडणं, कलम 14 मधली आमची कामं. त्यात देखरेखीबरोबर काम मिळवून द्यायची खटपटही येते, हे मला तोवर नीट ठाऊक नव्हतं. जेवणानंतर निम्मा वर्ग पेंगत होता. मीही.

दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी सतरंजीवर बसवून गृहभेटीचं नाटक करायला लावलं. मी अधिकारी, समोरची येरवड्याच्या तुरुंगातून सुटून आलेली बाई. मी फॉर्म काढला आणि पहिलाच प्रश्न टाकला, “गुन्हा काय होता?”

“तो कागदावर आहे की,” मॅडम म्हणाल्या. “भोगून आलीय ती. तिच्या घरचं पाणी तरी प्यायलात का?”

मग त्यांनी स्वतंत्रपूरचा विषय काढला. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ 1939 पासूनची ही खुली वसाहत, कैदी तिथे बायकामुलांसह राहतात. “पुरुषासोबत बायको जाते,” त्या म्हणाल्या, “बाई सुटली की तिला न्यायला कोण येतं?” कुणीच बोललं नाही.

गृहभेटीआधी तिलाच फोन करून विचारायचं, ‘मी कोण म्हणून येऊ?’ हेही तिथेच शिकले. माण तालुक्यातल्या माझ्या पहिल्या बाईने बराच वेळ गप्प राहून सांगितलं, “शिवणक्लासच्या बाई म्हणून या.” ओळखपत्र पर्समध्ये टाकून एसटीने गेले. भावाच्या घरी राहत होती. मला वाटलं होतं, काम मागेल. वहिनी चहा ठेवायला आत गेली तशी ती हळूच म्हणाली, “रेशनकार्डात नाव नाही माझं. वहिनीच्या वाटणीतलं खाते मी.”

सासरच्या कार्डातून नाव कमी झालेलं, पण त्याचा दाखला कुणी आणला नव्हता, आणि त्याशिवाय भावाच्या कार्डात नाव चढेना. पुरवठा शाखेत तीन हेलपाटे झाले. एकदा घाईत ‘महाराष्ट्र शासन’ लिहिलेल्या जीपनेच तिच्या दारात गेले. सगळी गल्ली ओट्यावर! पुढचे आठ दिवस तिने माझा फोन उचलला नाही. चूक माझीच.

आता नाव चढलंय. मी अजूनही एसटीनेच जाते. शेजारीण मात्र दर खेपेला विचारते, “बाई, क्लास कधी सुरू करताय?”