परवान्याचे शुल्क अखेर कोण भरते?

अंबडमधील ज्या कारखान्याला मी सुटे भाग पुरवीत असे, तो नादारी प्रक्रियेत, म्हणजे देणी फेडता न आल्याने होणाऱ्या कायदेशीर कारवाईत, गेल्यावर मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाकडे माझे हेलपाटे सुरू झाले, आणि त्या निमित्ताने कारखान्याचा ताबा घेणाऱ्या नादारी व्यावसायिकाला हा अधिकार कोण देते, हे मी वाचू लागलो.

2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार अशा व्यक्तीला आधी नादारी व्यावसायिकांच्या एखाद्या संस्थेचे सदस्य व्हावे लागते आणि मग भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे नोंदणी करावी लागते. देशात सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि परिव्यय लेखापाल यांच्या संस्थांनी स्थापन केलेल्या अशा तीन संस्था आहेत. त्या नफ्यासाठी नसलेल्या कंपन्या असल्या, तरी 2016 च्या मूळ विनियमांत त्यांच्या नोंदणीच्या अर्जासाठी 10 लाख रुपये शुल्क आणि किमान 10 कोटी रुपयांचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) ठरवलेले होते.

संस्थेचा खर्च सदस्यांच्या वर्गणीतून निघतो, सदस्याचा मोबदला प्रक्रियेच्या खर्चात धरला जातो, आणि तो खर्च सर्व धनकोंच्या आधी फेडावा लागतो. माझ्यासारखा माल पुरवणारा मात्र रांगेत बराच मागे असतो. देखरेखीला पैसा हवाच, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु संस्थेचे शुल्क तिच्या सदस्यांनी हाताळलेल्या प्रकरणांशी जोडावे आणि त्यातून किती तपासण्या व किती शिस्तभंगाच्या कारवाया झाल्या, याचा हिशेब आम्हा लहान धनकोंना समजेल अशा मराठीत मिळावा, असे मला मनापासून वाटते.