आमची वाटचाल: लातूरची धिंगरी अळिंबी

आमचा धंदा धिंगरीचा, म्हणजे ऑयस्टर मशरूमचा. सुरुवातीची वर्षं सगळ्यांसारखीच गेली. सोयाबीनची गुळी भिजवा, गरम पाण्यातून काढा, थर देऊन स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बियाणं, भरा, पिशव्या टांगा, खिडक्यांना ओलं गोणपाट लावा. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा शेड बंद ठेवलं आणि पावसाळ्यात पुन्हा उघडलं. तेही निभावलं. खरा दणका बसला शेजारच्या तालुक्यातल्या एका व्यापाऱ्याकडून.

हा माणूस आमच्याकडून वाळवलेल्या धिंगरीची पावडर न्यायचा. पुढं कळलं, तीच पावडर कॅप्सूलमध्ये भरून गॅनोडर्मा या औषधी अळिंबीच्या नावानं विकतोय आणि डबीवर छापतोय, ‘कॅन्सर, शुगर, किडनी मुळासकट बरे’. गॅनोडर्मा तपकिरी आणि चांगलाच कडू. धिंगरीची पावडर फिकट, कडू अजिबात नाही. जिभेवर चिमूटभर ठेवली असती तरी भांडं फुटलं असतं, पण कॅप्सूल कोण उघडून बघतं?

आम्ही त्याचा माल तोडला. त्यानं आमचे मेडिकलवाले फोडले. ‘तुमच्या पाकिटावर काही लिहिलेलंच नाही, गिऱ्हाईक मागत नाही,’ असं ते तोंडावर म्हणायचे. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, हे सांगून कुणी ऐकेना. पुढं त्याच्यावर तक्रार झाली आणि त्याच्याबरोबर आमचंही नाव खराब झालं. माल परत आला, हप्ते थकले, ड्रायर विकायला काढला.

त्या काळात पाठीशी उभे राहिले ते उदगीरचे गुरुजी. त्यांची ओळखही याच विषयावरून झालेली. गुरुजींच्या बाईंना पोटाचा कॅन्सर होता, आणि गुरुजी विचारायला आले होते की केमो बंद करून तुमचं चूर्ण सुरू करू का? मी म्हणालो, ‘गुरुजी, केमो सोडायची नाही. जपानात शिटाके नावाच्या अळिंबीतून काढलेल्या लेंटिनान या औषधाला 1985 मध्ये पोटाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली, पण तीही केमोच्या जोडीला, इंजेक्शन म्हणून. माझ्या डबीत ते नाही.’ गॅनोडर्माच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं आढावा घेतला, तेव्हाही कॅन्सरवरचा पहिला उपचार म्हणून वापरावा एवढा पुरावा सापडला नव्हता. अळिंबीत औषध आहे, माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच खोटं बोलून ती विकणाऱ्याचा इतका संताप येतो. बाईंचे उपचार पूर्ण झाले. ड्रायर विकायची वेळ आली तेव्हा दोन मेसवाल्यांना हाताला धरून गुरुजीच शेडवर घेऊन आले. त्या दोन रोजच्या ऑर्डरींवर आम्ही सावरलो.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. पावडर घेताना ती अळिंबीच्या फळाची, म्हणजे छत्रीची, आहे की धान्यावर वाढवलेल्या बुरशीच्या तंतूंची, ते विचारा. पाण्यात कालवून आयोडीनचा थेंब टाका. गडद निळं झालं तर पिठाचे पैसे मोजताय. जड धातूंचा लॅब रिपोर्ट मागा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा किडनी बदललेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गॅनोडर्मा घेऊ नका. आम्ही आधी दवाखान्याची फाईल बघतो, मगच डबी देतो.

तो व्यापारी आता दुसऱ्या नावानं पुन्हा बाजारात आलाय. जाहिरातीत फोटो आमच्या शेडचा लावतो. वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे.