बंद दाराआड थेरपी नाही : आमची वाटचाल

मिरजेत आम्ही दोघींनी २०११ साली हे थेरपी केंद्र सुरू केलं. मी मुंबईच्या अली यावर जंग संस्थेतून स्पीच थेरपी शिकून आलेली, आणि माझी मैत्रीण ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजच्या हालचाली आणि कामं जमावीत म्हणून सराव घेणारी. मिरज दवाखान्यांचं गाव असल्यामुळे पेशंट जत, कवठेमहांकाळपासून थेट सीमेपलीकडच्या अथणी, कागवाडपर्यंतचे येतात. ऑटिझमची, सेरेब्रल पाल्सीची, उशिरा बोलणारी मुलं, आणि अर्धांगवायूनंतर वाचा गेलेली मोठी माणसं. भाड्याची जागा, उधारीवर घेतलेले झोके आणि बॉल, पहिल्या वर्षांतली ओढाताण, हे सगळं इतरांसारखंच झालं. सांगण्यासारखं आहे ते वेगळं.

आमच्या कामात स्पर्श टाळता येत नाही. झोक्यावर बसवताना मुलाची कंबर धरावी लागते, बोलण्याचे व्यायाम घेताना ओठांना, गालांना, कधी तोंडाच्या आतही बोट लावावं लागतं. मूल लहान असतं, बहुतेकदा बोलत नसतं, आणि खोलीत त्याच्यासोबत एकच मोठं माणूस असतं. तिथे कुणी गैरवागलं तर सांगणार कोण? थेरपिस्ट चांगला आहे एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही, असं आमचं पहिल्यापासूनचं ठाम मत आहे. म्हणून प्रत्येक दाराला काच बसवली आणि आतली कडी काढून टाकली. मुलाला शौचालयात नेताना पालक किंवा मावशी सोबत असतेच. घरी जाऊन सेशन घ्यायचं तर घरातलं कुणीतरी त्याच खोलीत बसतं. व्हिडिओ फक्त केंद्राच्या टॅबवर घेतो, कुणाच्या स्वतःच्या फोनवर नाही. कॅमेरे लावा असं पालक सुचवतात. तेही आहेत, पण माझा भरवसा काचेवर जास्त आहे, कारण कॅमेरा बहुधा घडून गेल्यावर पाहिला जातो. नवीन माणूस घेताना आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागू असेल तर ती तपासतो, आधीच्या ठिकाणी फोन करतो आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेतो. हे ऐकून काही चांगले उमेदवार परत गेले. जाऊ दिले.

१४ नोव्हेंबर २०१२ ला पोक्सो कायदा लागू झाला, तेव्हा एका वकीलबाईंना बोलावून सगळ्यांनी बसून तो समजून घेतला. कलम १९ प्रमाणे, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं नाही तर कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. आम्हाला यातून मोठा आधार मिळाला. ‘त्यांच्या घरातली गोष्ट, आपण कोण बोलणारे?’ हा प्रश्नच उरला नाही. खरंखोटं करणं आमचं काम नव्हे. मूल जे बोललं किंवा खुणेने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहायचं, खोदून प्रश्न विचारायचे नाहीत आणि कळवायचं. कुठे जायचं सुचलं नाही तर मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहेच. पहिल्या भेटीतच पालकांना लेखी देतो की तुमची माहिती आमच्याकडे गुप्त राहील, पण मुलाला धोका दिसला तर नाही.

आम्हाला असं कळवावं लागलेलं आहे. त्या हकिगती इथे सांगणार नाही, त्या त्या मुलांच्या आहेत. एवढंच सांगते की जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत आणि अपंग मुलासाठी विशेष शिक्षकाची किंवा त्याची भाषा समजणाऱ्या माणसाची मदत घेता येते. पालकांना हे कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

पण सगळ्यात जास्त बदललं ते शिकवणं. पालक येतात तेव्हा एकच मागणं असतं, ‘मॅडम, ऐकायला लागू दे.’ बस म्हटलं की बसावं, हात खाली म्हटलं की खाली. त्यांची दमछाक मी रोज पाहते, त्यांना दोष नाही. तरीही प्रत्येक मोठ्या माणसाचं मुकाट्याने ऐकणारं मूल धोक्यात असतं. आमच्या चित्रांच्या तक्त्यावर पाणी, खाऊ, झोका असायचं. त्यात ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’ आणि शरीराचे सगळे अवयव घातले, गुप्तांगांसकट. आया लाजतात, काही आज्या रागावतात. सीमाभागातल्या घरांसाठी कन्नड तक्ता केला. आणि मुलाने सेशनमध्ये ‘नको’वर बोट ठेवलं की थेरपिस्ट थांबतो. फी भरलेली अर्धी वेळ त्यात जाते, हे पालकांना पटवणं आजही सर्वांत अवघड काम आहे. ज्या मुलाचा नकार इथे मानला जात नाही, ते बाहेर नकार देईल अशी आशा कशी धरायची?

मोठ्यांचं वेगळं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पोक्सोत शारीरिक वय धरायचं, मानसिक नव्हे. म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेली पंचविशीतली मुलगी त्या कायद्याबाहेर. तिच्यासाठी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याच्या कलम ७ खाली कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तहसीलदारांकडेही, छळाची किंवा अत्याचाराची माहिती देऊ शकतं.

अर्धांगवायूनंतर वाचा गेलेल्या आजोबांना घेऊन येणारे काही नातेवाईक सही-अंगठ्याचे कागदही घेऊन येतात. ‘त्यांना सगळं समजतं असं लिहून द्या’, किंवा नेमकं उलटं. आम्ही तपासणीत दिसलं तेवढंच लिहितो आणि केंद्रात कुणाचाही अंगठा घेऊ देत नाही. दर काही सेशननंतर पेशंटशी एकट्याने बोलतो, काचेच्या दारामागे, हो-नाहीची कार्डं घेऊन. घरी जेवायला वेळेवर मिळतं का, कुणी मारतं का, कुणी सही मागतं का. प्रश्न असेच सरळ विचारतो. गरज दिसली तर त्यांच्या संमतीने ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनला फोन लावतो, किंवा आईवडील आणि ज्येष्ठांच्या पालनपोषणाच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज कसा करायचा ते समजावून देतो.

आता जतचे पालक शाखा मागतात. त्यांचा प्रवास मला माहीत आहे, आणि जागाही पाहून ठेवली आहे. पण तिथे पाठवायला सध्या एकच थेरपिस्ट आहे. एकट्या माणसाच्या भरवशावर आम्ही केंद्र उघडणार नाही. दुसरी मिळाली की जतची पाटी लागेल.