साडीखालचा लेपल

शूटिंगमध्ये बूमला, म्हणजे लांब काठीवरच्या माइकला, फ्रेमबाहेर पण कलाकाराजवळ जागा नसेल तेव्हाच लेपलवर, म्हणजे कपड्यांत लपवायच्या छोट्या माइकवर विसंबावं, पण वाइड शॉट असला की इलाज उरत नाही. सुती साडी त्रास देत नाही. रेशमी किंवा ऑर्गंझा मात्र प्रत्येक हालचालीला सळसळते आणि ती सळसळ नेमकी 'स', 'श'च्या पट्टीत येते. नंतर इक्वलायझरने, म्हणजे आवाजाची ठरावीक पट्टी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, काढायला जावं, तर शब्दच बोथट होतात.

म्हणून माइक पदराला नको. ब्लाउजच्या आत, छातीच्या मध्यावर, हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर बसवावा. मेडिकल टेपच्या दोन त्रिकोणी घड्या करायच्या, चिकट बाजू बाहेर. कॅप्सूल, म्हणजे माइकचं आवाज टिपणारं टोक, त्यांच्यामध्ये, एक घडी त्वचेला, दुसरी कापडाला. दोन्ही एकत्र हलले की घासणं थांबतं. खाली केबलचा सैल फास टेपने धरून ठेवा, म्हणजे ओढ कॅप्सूलपर्यंत पोचत नाही. हे सगळं कलाकाराला विचारून आणि शक्यतो कॉस्च्युमच्या ताईंच्या हातून.

मंगळसूत्राच्या वाट्या हा खरा शत्रू! त्या एकमेकींवर वाजतात. मागून टेपचा बारीक तुकडा लावला की गप्प बसतात.

ट्रान्समीटर, म्हणजे माइकचा आवाज बिनतारी पाठवणारी डबी, कमरेला मागे, परकराच्या नाडीत. अँटेना मोकळी, सरळ. घामेजल्या अंगाला टेकली की रेंज घटते. उन्हाळ्यात ट्रान्समीटर कंडोममध्ये घालतात, घामापासून हमखास वाचतो. बॅटऱ्या जेवणाच्या सुट्टीत बदलाव्यात, अर्ध्या शिल्लक दिसल्या तरी.