काटेसावरीखाली पाऊण तास

साडेतीन तासांत आम्ही जेमतेम दोन किलोमीटर चाललो, आणि त्यातला पाऊण तास एकाच झाडाखाली गेला. खरं सांगतो, आधी मी वैतागलोच. मार्चातल्या रविवारी पहाटे चारला उठायचं, मावशीला दादरहून विरार गाडीत चढवायचं, ते काय एक झाड बघायला?

जागा बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, वाट शिलोंड्याची. या पायवाटेला वनखात्याची परवानगी लागते. पक्षिनिरीक्षणाच्या फेऱ्या काढणारे ग्रुप ती घेतात, आपण आधी नाव नोंदवायचं आणि ओळखपत्र खिशात ठेवायचं. एकट्याने आत घुसायची हौस नको, बिबट्यांचं घर आहे ते. सोमवारी उद्यान बंद. बोरिवली पूर्वेला उतरलं की गेट चालत पंधरा मिनिटांवर. मावशीच्या गुडघ्यांसाठी आम्ही रिक्षा केली.

तर ते झाड. काटेसावर. अंगावर पान नाही आणि वाटीएवढी लाल फुलं. ग्रुपबरोबरचे दादा म्हणाले, "पक्ष्यांमागे धावू नका. खाणावळ उघडी आहे, गिऱ्हाईक येईलच." आलं की! पहिला कोतवाल, तोही दुसऱ्यांना हुसकावतच. मग सूर्यपक्षी, बुलबुल, आणि अचानक भोरड्यांचा थवा: गुलाबी अंग, काळं डोकं, भांडण अखंड. थंडीतले हे पाहुणे मार्च-एप्रिलात मध्य आशियाकडे परत निघतात, त्याआधीची ही मेजवानी. एक फूल माझ्या पायाशी टप्प करून पडलं. उचललं तर चांगलंच जड. पाकळ्या जाड, मांसल, आणि तळाशी चमचाभर पातळ मध, त्यात बुडालेली एक मुंगी. वरची गर्दी कशासाठी ते तेव्हा कळलं.

वसंतात जायचं ते याचसाठी. पानगळ झालेली असते, पक्षी लपू शकत नाहीत. पावसाळ्यात याच वाटेवर नुसते आवाज ऐकून परत आलो होतो.

दुर्बिणीचं सांगतो. मागून आणलेली होती, आणि पहिला अर्धा तास मला त्यात काळ्या सावल्यांशिवाय काही दिसेना. सगळे "हळद्या, हळद्या" करतायत आणि मी डोळे चोळतोय. शेवटी दादांनी डोळ्याकडची रबरी कडी फिरवून आत बसवली. चष्मा असेल तर ती आतच हवी, नसेल तर बाहेर. तोवर हळद्या उडून गेला होता. आणि आठ पट मोठं दाखवणारीच दुर्बीण घ्या, दहा पटीची नवख्याच्या हातात थरथरते.

टुक्-टुक्-टुक् तर सकाळभर चालू होतं. दादरला लहानपणी मला तो कुठल्यातरी कारखान्याचा आवाज वाटायचा. हा तांबट. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, वाळक्या फांदीच्या भोकातून डोकावणारा. ओरडताना मान इकडेतिकडे फिरवतो, म्हणून आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. मला दहा मिनिटं सापडला नाही. मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "अरे, तुटक्या फांदीच्या खाली बघ ना!"

बसल्या जागेवरून, कारण तिने घडीचं स्टूल आणलं होतं. निघताना मी त्यावरून तिला बरंच चिडवलं होतं.

पुढे दहिसर नदीच्या उरलेल्या डबक्यापाशी पाणी प्यायला आलेला दयाळ दिसला, आणि झुडपातून भारद्वाज. "आमच्या गावचा कुकुडकोंबा," म्हणत मावशीने हात जोडले. पावशाही ओरडत होता, "पेरते व्हा, पेरते व्हा". मार्चात!

कपडे मातकट रंगाचे घाला. पिवळा टी-शर्ट घातलेल्या एका मुलाला दादांनी सतत मागे उभं केलं, बिचारा हिरमुसला. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका, विणीच्या दिवसांत त्यांना विनाकारण त्रास. खाऊ पिशवीतून बाहेर काढू नका, माकडं हातातून ओढतात. दहानंतर ऊन तापतं, पक्षी गप्प होतात, तेव्हा निघायचं. वडापाव गेटबाहेर येऊन खाल्ला.

ग्रुपच्या यादीत एकतीस जाती झाल्या. माझ्या एकोणीस, मावशीच्या बावीस. परतीच्या गाडीत तिने मला ती जास्तीची तीन नावं दोनदा वाचून दाखवली.